रान कोणी लाविलें?

मराठी राज्याच्या राजनीतीवर रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास जें आज्ञापत्र लिहिलें, त्यांत आरमाराच्या प्रकरणीं झाडांसंबंधीं एक मोठा मार्मिक विचार आला आहे. तारवें बांधावयाचीं तर लांकूड पाहिजे. सागासारखें लांकूड रानांतून परवानगीनें तोडून आणावें. परंतु आंबा आणि फणस हे वृक्ष कामाला कितीही उपयोगी असले तरी त्यांस हात लावूं नये, असें अमात्य बजावतात. कारण हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें सांभाळून वाढविलेलीं असतात. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर त्याच्या धन्यास राजी करून, मोल देऊन मग तें तोडावें. जुलूम करूं नये.

या आज्ञेच्या मुळाशीं साधा न्याय आहे. ज्यानें झाड वाढविलें, त्याचा त्या झाडावर कांहीं हक्क आहे आणि त्याला न पुसतां कुऱ्हाड घालणें हा अन्याय आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोणत्याही वाडीच्या परसांत उभें राहिलें असतां हा न्याय सहज पटतो. हा आंबा आजोबांनीं लावला, तो फणस पणजोबांच्या वेळचा, असें घरांतलें पोरही सांगतें. परंतु वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या घळींत आणि ग्रामदेवतेच्या राईंत जें रान उभें आहे, त्यांतील जांभूळ, बेहडा, काजरा, वड, उंबर आणि रातांबा हीं झाडें कोणी लाविलीं? त्यांचा धनी कोण? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे रत्नागिरीच्या रानाचा एक निराळाच इतिहास हातीं येतो.

प्रथम माणसांचा इतिहास पाहूं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोंकण कंपनी सरकारच्या अमलाखालीं गेलें. त्यानंतरच्या दशकांत डनलॉप नांवाच्या कलेक्टरानें येथील रानावरचा सरकारचा हक्क सोडून दिला व झाडें जमिनीच्या धारकांच्या स्वाधीन केलीं. मालकी हातांत आली म्हणजे लोक झाडें राखतील व नवीं लावतील, अशी त्याची अपेक्षा होती. घडलें तें उलट. मुंबई शहर वाढत होतें. त्याला इमारती लांकूड व सरपण हवें होतें आणि रत्नागिरीच्या खाड्यांतून तें गलबतांत भरून नेणें सोपें होतें. शिवाय नाचणी-वरीच्या शेतीसाठीं वरकस डोंगर भाजले जात व भाताच्या राबासाठीं दरसाल फांद्या छाटल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्ह्यांतील पुष्कळ टेकड्या उघड्या पडल्या होत्या. इतर जिल्ह्यांत पुढें सरकारी राखीव जंगलें झालीं. रत्नागिरींत मात्र तीं नांवालाच राहिलीं. आजही या जिल्ह्यांतील बहुतेक रान खाजगी मालकीचें आहे, त्याचें मूळ त्या जुन्या निर्णयांत आहे.

तथापि रान समूळ गेलें नाहीं. भाजलेला डोंगर दहा-वीस वर्षें पडीक राहिला, तर त्यावर प्रथम करवंदीच्या व तोरणीच्या जाळ्या येत, मग त्या जाळ्यांतून जांभळीचें रोप डोकें वर काढी, आणि एका पिढीनंतर तेथें पुन्हां रान दिसूं लागे. हें बी कोठून आलें? ज्या देवरायांस भीतीनें व भक्तीनें कोणी हात लाविला नव्हता, त्या देवराया हीं बियाण्याचीं कोठारें होतीं. परंतु कोठार भरलेलें असून भागत नाहीं. त्यांतील बियाणें शेतापर्यंत कोणी तरी नेऊन पेरावें लागतें. तें काम माणसानें केलें नाहीं.

झाडाला पाय नाहींत, ही त्याची मोठी अडचण. बी आईच्या पायांशींच पडली, तर तिचें सहसा बरें होत नाहीं. तेथें दाट सांवली असते; त्याच जातीवर जगणारे किडे, बुरशी व बिया कुरतडणारे उंदीर त्या ठिकाणीं जमलेले असतात. १९७० मध्यें अमेरिकेचे डॅनियल जँझन यांनीं व १९७१ मध्यें जोसेफ कॉनेल यांनीं स्वतंत्रपणें हा विचार मांडला कीं, उष्ण कटिबंधाच्या रानांत एकाच जातीचीं झाडें एके ठिकाणीं गर्दी न करतां विखुरलेलीं असतात, याचें एक कारण हेंच असावें. आईपासून दूर गेलेल्या बीला जगण्याची संधि अधिक मिळते. कांहीं झाडांनीं याकरितां वाऱ्याची नोकरी पत्करली आहे. ऐन व किंजळ यांच्या फळांना पंख असतात. सांवरीची बी कापसावर स्वार होऊन जाते. परंतु दमट उष्ण प्रदेशांतील रानांत दहांपैकीं सात किंवा त्याहून अधिक जातीचीं झाडें या कामासाठीं प्राण्यांवर अवलंबून असतात. रसाळ गर ही त्यांनीं देऊं केलेली मजुरी होय. फळ कच्चें असतां हिरवें, तुरट व कठीण असतें, कारण बी अजून तयार नसते. बी तयार झाली म्हणजे फळाला रंग, वास व गोडी येते. तीच पाहुण्यांना धाडलेली अक्षत.

हे पाहुणे दोन पाळ्यांनीं येतात. दिवसाची पाळी पक्ष्यांची व माकडांची. कोकिळ, बुलबुल, साळुंकी व तांबट हे वडा-उंबरांवर तुटून पडतात. या फळांतील बिया राईहून बारीक; त्या पोटांतून अखंड जातात आणि पक्षी जेथें बसेल तेथें पडतात. रत्नदुर्ग, जयगड किंवा पूर्णगड यांच्या तटांच्या सांध्यांतून पिंपळाचें रोप फुटलेलें दिसतें, तें असेंच तेथें पोंचलेलें असतें. कावळ्याच्या विष्ठेंतून पिंपळ उगवतो, हें कोंकणांतील म्हाताऱ्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतें.

रात्रीची पाळी वटवाघुळांची आणि उदमांजरांची. समुद्रकांठच्या उंडीच्या झाडावरून वटवाघूळ फळ तोंडांत धरून दुसऱ्या सोयीच्या फांदीवर जाऊन लटकतें, वरचा पातळ गर खातें व आंतील गोटी खालीं टाकतें. या गोट्यांपासून निघणारें उंडेल पूर्वीं घरोघरीं दिव्यांत जळे व होड्यांनाही लावीत. काजूची गोष्ट अशीच. हें झाड ब्राझिलांतून पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर आणिलें. पण कातळाच्या सड्यांवर व डोंगरउतारांवर तें पसरविण्याच्या कामीं माणसाच्या बरोबरीनें वटवाघुळांचाही हात आहे. उदमांजर, ज्याला कोणी कांडेचोर म्हणतात, भेरली माडाचीं फळें आवडीनें खातें. त्या फळांच्या गरानें माणसाच्या हाताला आग सुटते, पण या प्राण्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं. त्याच्या विष्ठेंतून माडाच्या अखंड बिया पडतात. खुरवाले प्राणीही यांत आहेत. भेंकर व सांबर आंवळे किंवा बेहडे गिळतात आणि मागाहून निवांत बसून रवंथ करतांना कठीण आंठळ्या तोंडावाटे टाकून देतात.

मात्र फळ खाणारा प्रत्येक प्राणी पेरणारा असतो असें नव्हे. हरियाल हा आपल्या राज्याचा मानाचा पक्षी दिवसभर उंबरांवर चरतो, परंतु त्याच्या पोटांतील जांतें असें बळकट असतें कीं बहुतेक बियांचें पीठ होतें. शेंकरूही पुष्कळदां बियाच फोडून खातें. रानाच्या हिशेबांत पेरणारे आहेत, खाऊन टाकणारे आहेत आणि थोडें पेरून थोडें खाणारेही आहेत. म्हणून एक गेला तर दुसरा त्याचें काम करील, असें गृहीत धरतां येत नाहीं.

लोकांना ठाऊक असलेली ही गोष्ट शास्त्राच्या वहींत येण्यास बराच काळ लागला. १८८३ मध्यें मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या कचेरींत १८९४ पासून १९२० पर्यंत कारवारहून आलेला एक राजधनेश पाळलेला होता. त्याचें नांव विल्यम. सव्वीस वर्षें तो तेथील मंडळींचा सोबती होता, आणि पुढें धनेश हेंच त्या संस्थेचें चिन्ह झालें. १९३० मध्यें हेन्री रिडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें साऱ्या जगांतील झाडांच्या बीजप्रसारावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास सलीम अली कुलाबा जिल्ह्यांतील किहीम येथें राहत होते. त्यांनीं कोंकणांतील आंब्यांवर येणाऱ्या बांडगुळाकडे लक्ष दिलें. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर पक्षी येतो, त्यामुळें फळ धरतें; तें पिकलेलें फळ फुलटोच्या नांवाचा अंगठ्याएवढा पक्षी गिळतो; कांहीं मिनिटांतच त्याची चिकट बी बाहेर पडते आणि फांदीला डिंकासारखी चिकटते. तेथेंच ती रुजते. सलीम अलींचा हा निबंध १९३१ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला. बागाइतदाराच्या दृष्टीनें बांडगूळ हा शत्रूच. परंतु एका झाडाचें सारें आयुष्य दोन चिमुकल्या पांखरांच्या येण्याजाण्यावर कसें टांगलेलें असतें, हें कोंकणच्याच एका आंब्यावर त्यांनीं उलगडून दाखविलें.

बारीक बी पुष्कळांना नेतां येते. अडचण मोठ्या बीची असते. ज्या फळांत सुपारीएवढी बी असते, तें बुलबुलाच्या चोंचींत मावत नाहीं. रानजायफळ, काजरा आणि यांसारखीं इतर झाडें मोठ्या तोंडाच्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात. हें गिऱ्हाईक म्हणजे धनेश. कोंकणांत त्याला कोठें ककणेर, तर कोठें गरुड म्हणतात. काजऱ्याच्या बीमध्यें जहाल विष असतें. परंतु त्याच्या फळांतला गर धनेश बिनधोक खातो. फळ चोंचीच्या टोंकांत धरून तो हवेंत किंचित् उडवितो, घशांत झेलतो, आणि मोठी बी गर निघून गेल्यावर तोंडावाटे टाकून देतो. मध्यंतरीं तो कोसभर किंवा त्याहूनही दूर गेलेला असतो. एका राईंतली बी दुसऱ्या राईंत, मधल्या उघड्या सड्यावरून व भातखाचरांवरून नेणारा असा वाहक त्याच्यासारखा क्वचित्.

या पक्ष्याचा संसार विलक्षण असतो. हिवाळ्याच्या अखेरीस मादी एखाद्या जुन्या वृक्षाच्या ढोलींत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा व माती यांनीं तिचें तोंड लिंपून घेते. चोंच बाहेर येईल एवढी फट मात्र ठेवते. त्यानंतर सुमारें तीन महिने नर फळें आणून त्या फटींतून भरवितो. बाहेर वावरणारा नर मेला, तर आंतील मादी व पिल्लूं उपाशीं पडतात. धनेशाच्या चरबीचें तेल सांधेदुखीवर चालतें, या समजुतीपायीं मारलेला एक पक्षी म्हणजे पुष्कळदां संपलेलें एक कुटुंब असे.

संगमेश्वर तालुक्यांत देवरुखच्या आसपासच्या देवरायांत व खाजगी रानांत धनेश अजून घरटीं करितो. त्याला ढोली लागते ती फार मोठ्या घेराच्या झाडाची. या भागांत तशी ढोली पुष्कळदां जुन्या बेहड्यांत मिळते. येथें एक गमतीची पण अर्थपूर्ण गोष्ट लक्षांत येते. बेहड्याचें फळ कांहीं धनेशाचें मुख्य अन्न नव्हे. तें पसरवितात भेंकर, सांबर व माकडें. म्हणजे कोण्या भेंकरानें शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं रवंथ करतांना टाकलेली आंठळी रुजली, तिचा महावृक्ष झाला, तो आंतून पोकळ झाला, आणि त्या घरांत आज धनेश नांदतो. तो धनेश दुसरीकडे रानजायफळ पेरतो. एकानें बांधलेलें घर दुसऱ्यास, दुसऱ्यानें पेरलेलें फळ तिसऱ्यास, अशी ही देवघेव चालते. बेहडा तोडणाऱ्याला लांकूड किती निघालें एवढेंच दिसतें; या देवघेवीचा दोर कोठें तुटला, हें दिसावयास दोन पिढ्या लागतात.

महाराष्ट्रांतील देवरायांकडे शास्त्रीय दृष्टीनें प्रथम ज्यांनीं कसून पाहिलें, त्यांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांचें नांव अग्रगण्य आहे. पश्चिम घाटांतील देवरायांवरील त्यांचा निबंध १९७६ मध्यें प्रसिद्ध झाला. जेथें भोंवतालचें सर्व रान गेलें, तेथेंही या लहान लहान राया जुन्या वनाचे अवशेष म्हणून कशा उरल्या, हें त्यांनीं निदर्शनास आणिलें. त्या राया राखणाऱ्या गांवकऱ्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु नुसता वृक्ष राखला म्हणजे रान राखलें, असें समजणें घातक ठरेल. १९९२ मध्यें केंट रेडफर्ड या शास्त्रज्ञानें रिकाम्या रानाची कल्पना मांडली. झाडें उभीं आहेत, सांवली दाट आहे, परंतु शिकारीनें मोठे पशुपक्षी नाहींसे झाले आहेत, असें रान डोळ्यांना भरलेलें दिसलें तरी आंतून रिकामें असतें. त्यांतील म्हातारे वृक्ष दरसाल फळतात, फळें खालीं पडून कुजतात, आणि त्यांची जागा घेणारें रोप दूर कोठें उगवत नाहीं.

येथें अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. मॉरिशस बेटावरील एका झाडाविषयीं १९७७ मध्यें असें सांगण्यांत आलें कीं, सतराव्या शतकांत नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या पोटांतून गेल्यावांचून त्याची बी रुजतच नाहीं. गोष्ट फार गाजली. परंतु पुढें त्या झाडाचे डोडोनंतर जन्मलेले वृक्षही आढळले. निसर्गांत एका झाडाचें एकाच प्राण्याशीं असें लग्न सहसा नसतें. पाहुणे अनेक असतात. परंतु एकेक करून ते कमी होत गेले, म्हणजे प्रथम मोठ्या बियांचीं झाडें मागें पडतात, आणि रान हळूहळू बदलतें. तें एका रात्रींत मरत नाहीं, म्हणूनच कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

कायद्यालाही हें उमगण्यास वेळ लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत धनेशास संरक्षण मिळालें, परंतु फळें खाणाऱ्या वटवाघुळांची गणना, एखाददुसरी दुर्मीळ जात सोडल्यास, उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांत झाली. आंबा व चिकू यांची नासाडी डोळ्यांसमोर होते. रानांत पेरलेली उंडी कोणाच्या जमाखर्चांत येत नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें उपद्रवी प्राण्यांचें तें परिशिष्टच काढून टाकण्यांत आलें. पन्नास वर्षांनीं वटवाघुळावरचा तो ठपका गेला.

आज रत्नागिरीच्या डोंगरांवर हापूस व काजू यांच्या कलमांच्या ओळी लागत आहेत. यांत दोष कोणाचा नाहीं. जिल्ह्याचें पोट बऱ्याच अंशीं या बागांवर चालतें. परंतु कलम आणि रान यांतील भेद ओळखला पाहिजे. हापूसाची कोय रुजविली तर त्या झाडाला हापूसच लागेल याची शाश्वति नाहीं, म्हणून तें कलमानेंच वाढवितात. त्याला पांखरूं नको, खांब नको, फक्त माणूस हवा. माणसानें हात काढून घेतला कीं ती बाग पुढें चालत नाहीं. रानाचें याच्या उलट आहे. त्याला माणसानें लावण्याची गरज नाहीं. पेरणारे तेवढे शिल्लक ठेविले आणि त्यांची वाट मोकळी ठेविली, म्हणजे तें आपणहून चालतें. एका डोंगरावरचें खाजगी रान बागेसाठीं साफ केलें, तेव्हां केवळ तेवढीं झाडें गेलीं असें नव्हे. दोन देवरायांमधला धनेशाचा विसाव्याचा टप्पाही गेला.

ही अडचण ओळखून संगमेश्वराकडे एक निराळा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें रानाच्या मालकांशीं करार करून, मोबदला देऊन, झाडें उभीं ठेवण्याची व्यवस्था आरंभिली. औषधासाठीं लागणारीं बेहड्याचीं फळें, झाडाला इजा न करतां आणि पशुपक्ष्यांचा वांटा राखून, गोळा करावयाचीं व त्यांना चांगला भाव मिळवून द्यावयाचा, असाही उद्योग सुरू झाला. दोनशें वर्षांपूर्वीं डनलॉप साहेबानें मालकी दिली, परंतु उभ्या झाडापासून मालकाला मिळकत कशी व्हावी, याचा विचार कोणी केला नाहीं. म्हणून झाड पडलें तेव्हांच त्याचे पैसे झाले. उभा बेहडा दरसाल कांहीं देऊं लागला, तर मालकाचा हात कुऱ्हाडीकडे जातांना थांबेल. ही योजना किती पसरेल तें पुढील काळ ठरवील. पण तिची दिशा बरोबर आहे.

अखेर अमात्यांच्या आज्ञेपाशींच यावें लागतें. त्यांनीं आंबा-फणस राखावयास सांगितलें, कारण ते कोणी तरी वाढविलेले होते. रानांतील झाड मात्र बेवारशी समजून कामाला लावण्यास त्यांची हरकत नव्हती. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें तें योग्यच होतें. आतां इतकें कळलें आहे कीं, रानांतलें झाडही बेवारशी नाहीं. तें भेंकरानें टाकलें, उदमांजरानें नेलें, धनेशानें आणिलें. धन्यास राजी करून मग झाड तोडावें, हा अमात्यांचा न्याय या धन्यांना लागू करावयाचा तर त्यांची संमति विचारण्याची सोय नाहीं. त्यांच्या वतीनें विचार करण्याचें काम, ज्यांच्या नांवावर सातबारा आहे त्यांच्यावरच येऊन पडतें.